उंबरडोहात राहिलेला माणूस

भागीरथा मसरामच्या घराला दार होतं. चांगलं सागाचं, तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बसवलेलं. पण त्या साली भादव्यापासून ते लागलेलं कुणी पाहिलं नाही. दिवसा उघडं, रात्री उघडं. मोहल्ल्यातली कुत्री आत येऊन चुलीच्या उबेला निजत. शेजारच्या आनंदाबाईच्या कोंबड्यांनी तिच्या कोपऱ्यातल्या टोपलीत अंडी घालायची सवय लावून घेतली. दिवाळी उलटली, थंडी पडली, तरी दार आपलं सताड उघडं. शेवटी आनंदाबाई वैतागली.

"बाई वं, थंडीनं मरशीन. कडी लावाले काय होते तुले?"

"घरचा मानूस बाहीर हाय," भागीरथा म्हणाली. "कडी कशी लावू?"

बाहेर असलेला माणूस म्हणजे तिचा नवरा डोमा. त्याला भादव्यातच मूठमाती दिली होती आणि तेव्हा आनंदाबाई सगळ्यांत मोठ्यानं रडली होती. पण तीही गोंडाचीच बाई. मूठमाती दिली म्हणजे माणूस घरी आला असं होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. टोपलीतली अंडी तेवढी उचलून ती निघून गेली.

मोहदरा हे गाव आंजीच्या वरच्या अंगाला, धाम नदीच्या काठावर. एका बाजूला कुणब्यांची घरं, दुसऱ्या बाजूला भोयांची चारदोन, आणि सगळ्यांच्या शेवटी, जंगलाला टेकून, गोंडमोहल्ला. डोमा गावची गुरं राखायचा. सकाळी गुरं गोळा करून रानात न्यायची आणि दिवस कलला की नदी ओलांडून परत आणायची, एवढाच त्याचा जन्माचा धंदा. लहानपणी एका गोऱ्ह्याचं शिंग लागून त्याचा वरचा ओठ मधोमध फाटला होता. तो तसाच, जमेल तसा सांधला गेला. भागीरथा लग्न होऊन आली तेव्हा आधी त्या ओठालाच भ्याली होती. मुलगी पाहायला आलेल्यांनी मुलीला नवरा कुठं दाखवला होता!

पण त्याच फाटक्या ओठातून डोमा शीळ घालायचा. शीळ सरळ निघत नसे. वारा फटीतून सुटायचा आणि ती मधेच एक गिरकी घेऊन पुढं जायची. गुरांना ती शीळ पाठ होती, आणि चार महिन्यांत भागीरथालाही पाठ झाली. संध्याकाळी नदीच्या अंगानं ती गिरकी ऐकू आली की ती पाणी तापत ठेवायची. तो अंगणात यायला आणि पाण्याला वाफ यायला एकच गाठ पडायची. तिला त्याच्याशी फार बोलावं लागलं असं नाही. नाव तर तिनं जन्मात घेतलं नाही; कुठल्या बाईनं घेतलंय? मोहल्ल्यात डोमा नावाचा दुसरा एक म्हातारा होता, त्यालासुद्धा ती 'त्याईच्या नावाचा बुडा' म्हणायची, आणि बाया तिला त्यावरून छेडायच्या.

भादव्यात नदीला लोंढा आला, तेव्हा डोमा गुरं घेऊन पलीकडच्या काठाला होता. मोठी गुरं पोहून आली. एक वासरू वाहायला लागलं म्हणून तो परत पाण्यात शिरला. वासरू दुसऱ्या दिवशी खालच्या गावात चरताना सापडलं. डोमा सापडला तो पाणी उतरल्यावर, उंबरडोहात, काठच्या उंबराच्या मुळ्यांना अडकलेला.

गोंडांच्या घरात माणूस गेला की देह मातीत जातो आणि जीव पाण्याकडे. पाचव्या दिवशी घरची माणसं नदीवर जातात, पाण्यात उभी राहून मेलेल्याला नावानं हाक मारतात. हाक ऐकून जो मासा हाताशी येईल तो आपला माणूस. त्याला पाण्याच्या गाडग्यात घालून घरी आणायचं, मधल्या खांबापाशी, जिथं आजे-पणजे बसलेले असतात, तिथं ठेवायचं आणि सांगायचं, की आता इथंच राहा, घर तुमचंच आहे. मसरामांच्या घरची रीत अशी, की जीव खांबापाशी उतरला की मासा परत नेऊन डोहात सोडायचा. मासा बिचारा पोचवायला आलेला. त्याला जाळं लावायचं नाही, गळ लावायचा नाही. आपल्या माणसाला आकड्यानं ओढून घरी कोण आणतं?

पण पाचव्या दिवशी नदी काठ सोडून वाहत होती. मोहल्ल्यातले जुने लोक म्हणाले, पाणी निवळू द्या, डोमा कुठं जात नाही. भागीरथानं मान डोलावली आणि त्या दिवसापासून दार उघडं टाकलं. एखादवेळी मधेच आला आणि दार लागलेलं दिसलं, तर मागं फिरायचा. जिवंतपणी तरी भांडायचा. आता काही बोलायचाही नाही.

पाणी निवळलं दिवाळीला. आणि त्याच सुमाराला उंबरडोहावर पाटी लागली.

आता या पाटीची गोष्ट सांगायला हवी. उंबरडोह आधी मालगुजार सदाशिवरावांचा होता. डोह त्यांचा, डोहातले मासे त्यांचे, काठचा उंबरही त्यांचाच. सदाशिवराव काही साधुसंत नव्हते. भोयांनी मासे धरले की त्यातले चांगले मालगुजाराच्या घरी जायचे, आणि गोंडांच्या पाठीवर बेगारीचं ओझं कायमचं. पण मोहल्ल्यात कुणी गेलं आणि माणसं गाडगं घेऊन डोहाकडे निघाली, तर त्यांना कुणी अडवत नसे. एकदा नव्या कारभाऱ्यानं अडवलं, तेव्हा सदाशिवरावच त्याच्यावर खेकसले होते, "मेलेल्यावर कसली आली मालगुजारी?" एवढं एक वाक्य त्या माणसाच्या नावावर जमा आहे, आणि ते वजा करायचं कारण नाही.

मग मालगुजारी गेली. नदी सरकारची झाली, म्हणजे आपली झाली, अशी मोहल्ल्याची समजूत. त्या दिवशी ढोल वाजले, माणसं नाचली, डोमाही नाचला. तीनेक वर्षांत नदीच्या पाण्याचे तुकडे पडले. इकडचे मासे ठेकेदाराचे, तिकडचे अमक्याचे, आणि उंबरडोह वर्ध्याच्या साहेबलोकांच्या मासेमारीच्या मंडळाकडे. हौसेनं गळ टाकायला जागा पाहिजे होती म्हणे, आणि खोल, सावलीचा, गाडी जाईल असा डोह दुसरा नव्हता. पाटीवर लिहिलं होतं, की परवान्याशिवाय मासे धरू नयेत, जाळं टाकू नये, हातानं मासे धरू नयेत, वीतभरापेक्षा लहान मासा मिळाल्यास तो पाण्यात परत सोडावा. नियम वाईट होते असं नाही. माशांच्या दृष्टीनं तर फारच चांगले होते. फक्त डोहात डोमा आहे, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

राखणीला ठेवला हरिदास भोई. ज्याचा बाप, आजा आणि तो स्वतः या डोहातले मासे धरण्यात वाढले, त्यालाच खाकी सदरा आणि पितळी बिल्ला देऊन मासे कुणी धरू नयेत म्हणून बसवलं. त्याची जाळी घरात खुंटीला टांगलेली असत आणि त्यांत मांजर व्यायची. हरिदास डोमाचा जिवाभावाचा. पण भागीरथा विचारायला गेली तेव्हा त्यानं पायांकडे पाहत सांगितलं,

"वहिनी, तुमचं मले सारं समजते. दादानं माह्या पोराले खांद्यावर घेऊन नदी पार केली हाय. पन सायबानं बजावून ठेवलं हाय, कोनालेच पान्यात हात घालू द्याचा नाई. आज तुमाले सोडलं त उद्या ठेकेदाराचे लोक जाळं घेऊन येतीन. बिल्ला गेला त माह्या लेकराईनं काय खावं?"

"मी मासा थोडीच नेऊन राह्यली, हरिदासभाऊ?"

"मले ठाऊक हाय जी. पाटीले ठाऊक नाई."

भागीरथा परत आली. तिचा मुलगा प्रेमदास तेव्हा विशीतला, नुकता कामाला लागलेला, डोकं गरम. नावाची हाक खरं तर त्यानंच मारायची. बापाला मुलगा बोलावतो. तो दोनदा डोहावर जाऊन हरिदासशी भांडून आला. मग एका मंगळवारी तो संध्याकाळी हातात गाडगं घेऊन घरी आला.

"माय, आनलं बाबाले."

भागीरथाच्या हातातलं पीठ खाली सांडलं. तिनं हात धुतले, अंगण शिंपडलं, दिवा लावला, खांबापाशी तांदळाची रेघ ओढली आणि गाडगं त्यावर ठेवलं. आत एक काळसर मासा गोल गोल फिरत होता. ती त्याच्याकडे पाहत बसली. मग तिनं नजर न उचलता विचारलं,

"हाक कोनी मारली?"

"म्याच मारली."

"डोहात?"

"हो."

"हरिदासनं उतरू देलं?"

प्रेमदास दाराच्या चौकटीवरचं लाकूड नखानं खरवडत राहिला. मासा आंजीच्या बाजारातला होता. कुठल्याशा भोईणीकडून त्यानं तो जिवंत मागून घेतला होता. माय थंडीत कुडकुडते, दार लागत नाही, लोक हसतात, तेव्हा एकदाचं तिचं समाधान करावं असं त्याच्या मनात आलं. लबाडी होती, पण मायेपोटी केलेली.

भागीरथा रागावली नाही. तिनं गाडगं उचललं, घरामागच्या नाल्यावर गेली आणि मासा हळूच पाण्यात सोडला.

"कोनाचा असन, कोन जाने," ती म्हणाली. "त्याच्या घरचे वाट पाहून राह्यले असतीन."

तेव्हा मात्र प्रेमदासचा तोल गेला. "पानी त पानीच असते वं माय! कुठूनबी आन. बाबा गेला, गेला तो. तू त जित्या पोराले सोडून मेलेल्याचीच वाट पाहून राह्यली!" त्याला बोलून पस्तावा झाला, पण शब्द तोंडातून गेलेले. दुसऱ्या दिवशी तो गठुडं बांधून देवळीच्या जिनात कामाला निघून गेला. कापसाचा हंगाम होता, माणसं लागतच होती. जाताना त्यानं दार ओढून घ्यायला हात घातला, मग आठवण होऊन तसंच ठेवलं.

आता घरात भागीरथा एकटी. दिवस कलला की अजून तिचे कान नदीकडे लागायचे. शीळ येणार नाही हे कळत होतं. पण हातांना कोण सांगणार? ते आपले पाणी तापत ठेवायचे. पाणी तापायचं, निवायचं, आणि सकाळी ती ते तुळशीला नाही तर गाईच्या डोणीत ओतायची. कधी कधी तिला डोमाचा राग यायचा. एका वासरासाठी गेला. वासराच्या मालकानं साधं बोटसुद्धा पाण्यात घातलं नसतं. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि त्याचा तो ओठ डोळ्यांपुढं यायचा, आणि ती रडायची. तिला तो पाहिजे होता. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. तो घरात पाहिजे होता, खांबापाशी, दिसला नाही तरी चालेल, पण घरात.

रविवारी साहेब येतात हे कळल्यापासून ती रविवारी डोहावर जाऊ लागली. पाटीच्या अलीकडे, बाभळीखाली, बसून राहायची. हरिदास नाही म्हणायचा नाही. पाटीच्या अलीकडे बसायला मनाई नव्हती. साहेबाची जीप यायची. साहेब उतरायचा, गळाची लांब काठी जोडायचा, कणकेची गोळी लावायचा आणि गळ भिरकावायचा.  दोरा ताणला गेला की ती डोळे मिटून घ्यायची. त्याच्याच तोंडात तो आकडा गेला तर? आधीच एकदा फाटलेलं तोंड. तिला उठून ओरडावंसं वाटायचं आणि ती पदर तोंडात कोंबून बसायची.

साहेबाचं नाव कृष्णकांत. वर्ध्याच्या कुठल्याशा कचेरीत मोठ्या जागेवर. माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरी बायको, शरयूबाई, मासा उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. म्हणून मोठे मासे तो दोस्तांच्या घरी वाटून टाकायचा आणि लहान मासे आखलेल्या पट्टीला लावून बघून पाण्यात परत सोडायचा. नियमाला तो फार जपायचा. आपणच पाळला नाही तर लोक कसे पाळतील, असं हरिदासला दर रविवारी ऐकवायचा. पोटासाठी नाही, देवासाठी नाही, मग हा मासे धरतो काऊन, हे हरिदासला कधी समजलं नाही. पण नोकरीत सगळंच समजायला पाहिजे असं कुठं आहे?

पौषातल्या एका रविवारी साहेबानं विचारलं, "ती बाई कोण? नेहमी बसलेली असते."

"डोहात मानूस गेला तिचा, साहेब. मासा पाह्यजे म्हनते."

"एवढंच ना?" साहेब उदार मनाचा. त्यानं टोपलीतली एक मोठी मरळ काढली, कल्ल्यात दोरी ओवलेली, आणि स्वतः चालत बाभळीपाशी गेला. "घे बाई. घरी नेऊन रांध."

भागीरथानं वर पाहिलं. दोरीला लोंबणारा, डोळे पांढरे झालेला तो मासा पाहून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती अशी काही हंबरली, की साहेब दोन पावलं मागं सरला. हरिदास धावत आला.

"लहान पडला का?" साहेब गोंधळून म्हणाला.

"मासा नाई पाह्यजे सायेब," भागीरथा तोंडावरचे हात न काढताच म्हणाली. "मानूस पाह्यजे."

मग हरिदासनं सांगितलं. तुटक तुटक, मधेच थांबत, जमिनीकडे पाहत. साहेब ऐकत राहिला. हसला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. ऐकून झाल्यावर म्हणाला, की मी परवान्याचं बघतो, गळाचा परवाना मिळेल तिला. भागीरथानं मान हलवली. "गळानं बोलावू काय त्याले?" तिनं विचारलं. हातानं धरणं तर पाटीवरच मना होतं. तो घुटमळला, टोपी सारखी केली आणि विचारलं,

"नुसतं पाण्यात उभं राहून हाक मारायची असते ना?"

"हो जी."

"उभं राहायला मनाई नाही. हाक मारायलाही नाही. धरायचं मात्र नाही हं बाई."

असा तोडगा काढून त्याला बरं वाटलं. आपण कुणाचं मन मोडलं नाही आणि नियमही मोडला नाही, अशा समाधानात तो आपल्या जागेवर गेला आणि पुन्हा गळ टाकून बसला. उपाशी माणसाला पानावर बसवून वाढायचं नाही, असंच काहीतरी ते होतं. पण त्याला ते सुचलं नाही, आणि भागीरथानं तर तेवढ्यासाठीही हात जोडले.

ती उंबराच्या मुळ्यांपाशी पाण्यात उतरली. पाणी बर्फासारखं. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. गाडगं तिनं काठावर ठेवलं होतं. दर रविवारी ती ते बरोबर आणायचीच. पदर सोडून पाण्यावर पसरला आणि तोंड उघडलं.  हाक मारायला मुलगा पाहिजे होता आणि मुलगा देवळीला.

"प्रेमदासच्या बापा!" ती म्हणाली.

पाणी हललं नाही. पलीकडे साहेबाच्या गळाला काहीतरी लागलं. त्यानं चटकन ओढलं. लहानसा मासा, रुपेरी पोटाचा. पट्टीला लावून पाहिला. वीत भरत नव्हती. त्यानं आकडा सोडवला, मासा पाण्यात टाकला आणि नवी गोळी लावायला घेतली. मासा थोडा वेळ कुशीवर तरंगला आणि मग खाली गेला.

"प्रेमदासच्या बापा! या ना!"

काठावर हरिदास पाठ करून उभा होता. मागं न वळताच तो म्हणाला, "वहिनी, नाव घ्या. नावाबिगर थो येत नाई."

भागीरथानं डोळे मिटले. इतकी वर्षं ते नाव तिनं आतल्या आत ठेवलं होतं, कुणाला न दाखवता, लग्नातल्या लुगड्यासारखं. "डोमा," ती पुटपुटली. आणि एकदा बाहेर पडल्यावर मग ते थांबेना. "डोमा! अरे डोमा! किती दिवस झाले, दार उघडं टाकून बसली हावो मी! पोरगं रुसून गेलं. पानी तापते अन् थंड होते. ये ना आता घरी! डोमा!" सगळा डोह त्या हाकेनं भरला. साहेबाच्या हातातली गोळी तशीच राहिली. शेवटी शेवटी ती गोंडीत बोलू लागली, आणि ते काय होतं ते तिचं तिला ठाऊक आणि डोमाला.

पदराला काहीतरी लागलं. मुळ्यांच्या सावलीतून, कुशीवर कलत, पुन्हा सावरत, एक लहान मासा पसरलेल्या पदरावर आला आणि तिथंच राहिला. पळाला नाही. भागीरथानं खालून दोन्ही हातांची ओंजळ केली.

साहेब काठाकाठानं पुढं आला होता. त्याला मासा दिसला आणि तो घाईनं बोलून गेला, "अगं बाई, तो नको! तो मी आत्ताच सोडलेला. ओठ फाटलाय बघ त्याचा, मधोमध. दुसरा घे."

दुसरा घे म्हणाला. हरिदासनं ऐकलं. भागीरथानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती ओंजळीत वाकून पाहत होती. वरचा ओठ बरोबर मधोमध फाटलेला होता, आणि त्या फटीतून मासा पाणी आत-बाहेर करत होता. गळाला लागलेल्या माशाचा ओठ फाटतोच. साहेबाला ते ठाऊक होतं, हरिदासला ठाऊक होतं, आणि नदीकाठी जन्म काढलेल्या भागीरथाला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये.

"सायेब," ती म्हणाली, आणि ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, "त्याईचाबी असाच होता. इथंच. याच ओठानं शीळ घाले."

साहेब मागं वळला. दोरा गुंडाळत तो जीपकडे गेला. त्या दिवशी त्यानं पुन्हा गळ टाकला नाही. हरिदासनं छातीवरचा बिल्ला काढून खिशात घातला, गाडगं उचललं आणि चपला न काढताच पाण्यात शिरला.

"डोहाचंच पानी घ्या वहिनी," तो म्हणाला आणि गाडगं तिच्या ओंजळीखाली धरलं. मग आत पाहून हळूच म्हणाला, "रामराम दादा."

मोहल्ल्यात ढोल निघाला. आनंदाबाईनं अंगण शिंपलं, हळद-तांदूळ आणले. भागीरथानं गाडगं खांबापाशी ठेवलं, आजे-पणज्यांना सांगितलं, की तुमचं पोरगं आलं, जागा द्या. दिवस मावळायच्या आत ती पुन्हा डोहावर गेली आणि पोचवायला आलेल्याला पाण्यात सोडून आली. पाटीच्या नियमात ते अगदी बरोबर बसत होतं.

पाटी मात्र निघाली नाही. साहेब बदलून गेला, दुसरे आले. मोहल्ल्यात नंतरही माणसं गेली, त्यांचीही घरं वाट पाहत राहिली. फक्त असं व्हायचं, की मोहल्ल्यात कुणी गेलं की पाचव्या दिवशी हरिदासला नेमका ताप भरायचा आणि तो घरी पांघरूण घेऊन पडायचा. गावाला त्या तापाचं कारण माहीत होतं. पण असा ताप किती वर्षं पुरणार, आणि हरिदासच्या मागं येणाऱ्या राखणदाराला तो येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्या रविवारनंतर थोड्याच दिवसांनी, संक्रांतीला, प्रेमदास देवळीहून आला. आला तेव्हा अंधारून आलं होतं. रस्ताभर तो मायला काय बोलायचं ते जुळवत होता. सवयीनं तो अंगणातून सरळ आत शिरायला गेला आणि दारावर आपटला. त्यानं ढकलून पाहिलं. दार हललं नाही. आतून कडी लावलेली होती.

तो तसाच, फळीवर हात ठेवून, उभा राहिला. फटीतून चुलीचा उजेड दिसत होता. पाणी तापत ठेवलेलं होतं.

"कोन?" आतून आवाज आला.

"मी, माय." मग त्यानं तोंड फटीपाशी नेलं. "बाबा आला काय वं?"

"आला," भागीरथा म्हणाली, आणि तिनं कडी काढली.